दुर्बीण : अर्धी घरचीच

"पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं," असं कुणी सांगितलं की आपण मान डोलावतो. दुर्बीण म्हणजे लांबचं पाहणारी. पोटातलं पित्ताशय कुठे लांब असतं, हा प्रश्न कुणाला पडत नाही. शब्द मुरला की असंच होतं.

हा शब्द फारसी 'दूरबीन'वरून आला. 'दूर' म्हणजे लांब आणि 'बीन' म्हणजे पाहणारा. पाहणे या अर्थाच्या 'दीदन' क्रियापदाचं ते वर्तमानकाळी अंग. 'दीदार'ही त्याच क्रियापदातून आला. यंत्र येण्याआधीपासून फारसीत 'दूरबीन' म्हणजे पुढचा विचार करणारा, दूरदर्शी माणूस. आज इराणात कॅमेऱ्यालाही दूरबीनच म्हणतात.

यंत्र आलं युरोपातून. 1608 मध्ये हॉलंडमधल्या हान्स लिपरहे या चष्मेवाल्याने त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. जानेवारी 1610 मध्ये गॅलिलिओला गुरूचे चंद्र दिसले. 1611 मध्ये रोममध्ये त्याच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीत 'टेलिस्कोप' हे नाव पुढे आलं. ग्रीक 'टेले' म्हणजे दूर, 'स्कोपेइन' म्हणजे पाहणे. दोन भाषांनी नाव ठेवताना अगदी एकच विचार केला!

मराठीने मात्र 'दूरबीन' जशीच्या तशी ठेवली नाही. 'दूर'चा 'दुर्' झाला, शेवटच्या 'न'चा 'ण'. फारसीत नामांना लिंग नसतं. मराठीत ती दुर्बीण स्त्रीलिंगी झाली आणि 'बहीण-बहिणीला'सारखी 'दुर्बीण-दुर्बिणीला' चालू लागली.

आता जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जाऊन पाहा. तिथली महाकाय रेडिओ दुर्बीण म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, काही जवळजवळ, बाकीच्या कित्येक किलोमीटर पसरलेल्या. तिला डोळा लावायची सोय नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी तबकडी गोळा करते आणि संगणक त्यांतून चित्र उभं करतो. भिंगाची दुर्बीणही मुळात हेच करते: डोळ्याच्या बाहुलीत मावणार नाही इतका प्रकाश गोळा करून डोळ्यापर्यंत पोचवते. लांबचं मोठं दिसणं हा त्यानंतरचा भाग.

'दूरदर्शक' हा संस्कृत प्रतिशब्द पाठ्यपुस्तकात शोभतो, पण 'दुर्बीण' परकी म्हणून तिला बाजूला सारायचं कारण नाही. 'दूर' संस्कृतातही आहे आणि फारसीतही. दोन्हींना तो एकाच जुन्या पूर्वज भाषेकडून मिळाला. म्हणजे दुर्बीण अर्धी तरी घरचीच, आणि उरलेली अर्धी आपण केव्हाच आपलीशी केली आहे.