यकृताचे दुखणे आणि रक्तात उतरणारे विष

पोट फुगलेले, पाय सुजलेले, डोळ्यांत पिवळी झाक, असा दुखणेकरी आपल्या केरीकडे बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. घरची माणसे 'त्याचे लिव्हर गेले' एवढेच सांगतात. महिनोन्महिने तो ओसरीवर बसून काढतो. मग एके दिवशी बारीक ताप येतो, रात्री झोप नाही, दिवसा गुंगी, बोलणे भलतेच. आणि चार-आठ दिवसांत सारे आटोपते. कोणी म्हणते चोरून प्याला असेल, कोणी म्हणते दृष्ट लागली. खरे कारण पुष्कळदा निराळेच असते आणि ते वेळीच ओळखले तर माणूस वाचू शकतो. म्हणून आज या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

आपल्या आतड्यांत असंख्य जंतू राहतात. तिथे राहतात तोवर त्यांचा त्रास नाही, उलट उपयोगच आहे. पण त्यांतील कित्येकांच्या बाहेरच्या आवरणातच विष असते आणि जंतू मेला, फुटला की ते सुटे होते. बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली काम करणाऱ्या रिचर्ड फायफर यांनी १८९२ च्या सुमारास पाहिले, की उष्णतेने मारलेले कॉलऱ्याचे जंतू टोचले तरी गिनीपिग मरतात. विष जंतूच्या देहातच होते. त्याला एंडोटॉक्सिन, म्हणजे अंतर्विष, हे नाव मिळाले. हेच फायफर १८९७ साली जर्मन प्लेग कमिशनबरोबर मुंबईस आले होते.

आता खाजन शेत डोळ्यांपुढे आणा. बांध कितीही मजबूत असला तरी खारे पाणी थोडेफार पाझरतेच. ओहोटीला मानशीचे दार उघडते, पाझरलेले पाणी निघून जाते, भात वाचते. आपल्या शरीरात आतड्याचे अस्तर हा बांध आणि यकृत ही मानस. आतड्यांकडून येणारे रक्त आधी यकृतात जाते. तिथे कुप्फर पेशी नावाचे पहारेकरी बसलेले असतात. ते पाझरून आलेले जंतू आणि त्यांचे विष गिळून टाकतात. निरोगी माणसाच्या यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त जाते, त्यातले बरेचसे याच वाटेने आलेले.

यकृत कडक होऊन त्यात गाठी झाल्या, म्हणजे सिरॉसिस झाला, की दोन्ही बाजूंनी बिघडते. रक्ताला यकृतातून वाट मिळत नाही. ते मागे तुंबते आणि आडवाटांनी थेट सगळ्या अंगात जाते. तुंबल्यामुळे आतड्याचे अस्तरही सैल पडते, जणू कुर्ल्यांनी बांधाला बिळे पाडली. दारू हे अस्तर आणखी सैल करते. मग विष रक्तात फिरते, रक्तवाहिन्या ढिल्या पडतात, रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडे थकतात. यकृत साफ करू न शकलेला अमोनिया आणि हे विष मिळून मेंदूवर झापड आणतात. तेच ते 'बरळणे'. (हुर्राक-फेणीवरच सगळा दोष टाकू नये. ब आणि क प्रकारची कावीळ, मधुमेह, अंगावरची चरबी यांनीही, थेंब न घेणाऱ्याचे यकृत असेच होते.)

अशा रोग्याच्या घरी एवढे ध्यानात असावे: बारीकसा ताप, पोटात दुखणे, लघवी कमी होणे, दिवसा झोप व रात्री जाग, हात पुढे धरले की फडफडणे, काळे शौच किंवा रक्ताची उलटी, यांतले एकही दिसले तर उद्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. म्हापशाचे जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचे गोमेकॉ गाठावे. तैलाभ्यंगासाठी फादरना बोलवावे, जरूर बोलवावे. पण गाडीही त्याच वेळी बोलवावी.

इस्पितळात डॉक्टर पोटातले थोडे पाणी सुईने काढून तपासायला मागतात. इथे पुष्कळ घरे अडतात. 'पाणी काढले की माणूस जातो,' हा समज आम्ही कितीदा ऐकला आहे! त्या पाण्यात जंतू शिरले आहेत की नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही. कधी कधी ताप आणि दुखणे दोन्ही नसते. जंतू सापडले तर त्यावर अँटिबायोटिक आहे, आणि ते जितके लवकर मिळेल तितकी जगण्याची आशा अधिक. सुईला हरकत घेऊ नये.

घरी बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. डॉक्टरांनी लॅक्टुलोजचे औषध दिले असेल तर दिवसाला दोन-तीन वेळा शौचास होईल इतके ते घ्यावे. 'आता बरे वाटते' म्हणून बंद करू नये. मासळी, डाळ, अंडी तोडण्याचा जुना सल्ला आता डॉक्टर देत नाहीत. त्याने माणूस खंगतो. रात्री निजण्यापूर्वी थोडे खाऊन घ्यावे. अंगदुखीवर दुकानातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणून देऊ नये, मूत्रपिंडे बसतात.

शेवटी आपल्या तेरेखोल नदीकाठच्या लोकांसाठी खास. कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू राहतो. पाणी स्वच्छ दिसले तरी तो असू शकतो. धडधाकट माणसाला तो सहसा फार त्रास देत नाही, पण यकृत बिघडलेल्याच्या रक्तात शिरला तर असे निम्म्याच्या आसपास रोगी दगावतात. म्हणून अशा माणसाने कालवे कच्ची खाऊ नयेत, लिंबू पिळूनही नाही. लिंबाने तो मरत नाही. तिसऱ्या, शिनाण्या, कालवे पूर्ण शिजवून खाव्या. पायाला चीर किंवा फोड असताना कालवे काढायला पाण्यात उतरू नये. ते काम घरच्या दुसऱ्या कोणी करावे. आणि उतरलाच, पाय लाल होऊन सुजला, काळसर फोड आले, तर हळदीचा लेप लावीत बसू नये. काही तासांचाच अवधी असतो.