एक क्रमांक, अनेक नावे

पहूर हे जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील एक गाव. जळगावहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता ह्या गावावरून जातो. पाचोरा ते जामनेर ह्या अरुंद मापाच्या लोहमार्गावरही पहूर नावाचे स्थानक होते. महाराष्ट्रात कोणत्याही रेल्वे स्थानकावर उतरलात, तर प्रथम दृष्टीस पडतो तो पिवळा फलक. त्यावर गावाचे नाव तीनदा लिहिलेले असते : मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. पुष्कळ फलकांवर समुद्रसपाटीपासूनची उंचीही दिलेली असते. गावाचे नाव भाषेगणिक निराळे दिसते. उंची मात्र कोणत्याही भाषेत तेवढीच राहते.

तीन भाषांसाठी एक फलक पुरतो. परंतु भाषा तीनशे असतील तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. विकिपीडिया हा संगणकाच्या जाळ्यावरील ज्ञानकोश आज तीनशेहून अधिक भाषांत लिहिला जातो. त्याच्या मराठी आवृत्तीचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. अजिंठ्याची लेणी १९८३ मध्ये जागतिक वारसास्थानांच्या यादीत आली. पहूरवरून लेणी पाहावयास जाणारे प्रवासी देशोदेशींचे असतात, तसे त्यांच्यावरील लेखही नाना भाषांत आहेत. मराठी लेख वाचणाऱ्यास इंग्रजी किंवा जपानी लेखाकडे जाता यावे, म्हणून प्रत्येक लेखाच्या शेवटी इतर भाषांतील लेखांची यादी जोडण्याची पद्धत होती.

ही पद्धत साधी दिसते. पण तिचा हिशेब करून पाहा. लेख दहा भाषांत आहे असे समजू. प्रत्येक लेखात उरलेल्या नऊ लेखांचे दुवे लिहावे लागतील. म्हणजे एकूण ९० दुवे. आता अकराव्या भाषेत लेख तयार झाला. त्यात दहा दुवे लिहावयाचे आणि जुन्या दहांही लेखांत प्रत्येकी एक वाढवावयाचा, म्हणजे आणखी २० दुवे. शंभर भाषा झाल्या की ही संख्या ९,९०० वर जाते. हे सारे एका विषयासाठी! कोणी एका लेखाचे शीर्षक बदलले की इतर सर्व याद्या दुरुस्त करणे आले. हे काम माणसांच्या आवाक्याबाहेर गेले, तेव्हा त्यासाठी खास आज्ञावली लिहिण्यात आल्या. त्या रात्रंदिवस एका भाषेतील यादी दुसऱ्या भाषेत उतरवीत बसत. एवढे करूनही एका भाषेत झालेली चूक इतर भाषांत उतरत असे.

ह्यावर जो उपाय काढण्यात आला, तो रेल्वेच्या फलकासारखाच आहे. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी विकिडेटा नावाचे एक सामाईक भांडार सुरू झाले. तेथे प्रत्येक विषयाला एक क्रमांक देण्यात येतो. पृथ्वीचा क्रमांक क्यू २, मराठी भाषेचा क्यू १५७१. त्या क्रमांकाखाली प्रत्येक भाषेतील नाव एकदाच नोंदवायचे. मग दहा भाषांसाठी ९० ऐवजी १० नोंदी पुरतात आणि अकरावी भाषा आली की एकच नोंद वाढते. जानेवारी २०१३ मध्ये हंगेरियन विकिपीडियाने ही व्यवस्था प्रथम स्वीकारली. त्याच वर्षीच्या मार्चपर्यंत ती सर्व भाषांतील आवृत्त्यांना लागू झाली. मग लेखांच्या शेवटी साठलेल्या त्या लांबलचक याद्या पुसून टाकण्यात आल्या.

क्रमांकाचीच काय गरज, नावावरून ओळखता येणार नाही का, असे कोणी विचारील. तर महाराष्ट्रात पिंपळगावे किती आहेत ते आठवा. खुद्द पहूरचेही पहूर पेठ आणि पहूर कसबे असे दोन भाग आहेत. शिवाय नावे बदलतात. औरंगाबाद शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. जेथे नावालाच ओळख मानले असेल, तेथे अशा वेळी शेकडो ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. क्रमांक असेल तर तो तसाच राहतो. त्याच्यापुढचे नाव तेवढे बदलायचे, आणि जुन्या नावाने शोधणाऱ्यांसाठी ते पर्यायी नाव म्हणून जवळच ठेवायचे.

आता ही नावे ठेवावयाची कशी, ते एका वहीच्या साहाय्याने पाहू. पहिली रीत अशी : पानावर उभे रकाने आखावे. पहिल्यात क्रमांक, दुसऱ्यात मराठी नाव, तिसऱ्यात हिंदी, चौथ्यात इंग्रजी. तीन भाषांपुरती ही वही छान दिसते. परंतु गुजराती नावे घालण्याचे ठरले, की प्रत्येक पानावर नवा रकाना आखणे प्राप्त. तीनशे रकान्यांचे पान केवढे रुंद होईल! आणि पुष्कळ गावांची नावे दोनतीन भाषांतच उपलब्ध असल्यामुळे बाकीचे घर रिकामेच राहील.

दुसऱ्या रीतीत रकाने तीनच : क्रमांक, भाषा आणि मजकूर. ‘७, मराठी, अजिंठा’ ही एक ओळ. ‘७, इंग्रजी’ आणि त्यापुढे इंग्रजी नाव ही दुसरी. भाषा कितीही वाढोत, वहीची आखणी बदलत नाही. फक्त ओळी वाढतात. जी नोंद नाही तिच्यासाठी जागाही अडत नाही. गावाची उंची, जिल्हा, लोकसंख्या ह्या गोष्टी भाषेवर अवलंबून नसतात. म्हणून त्या निराळ्या वहीत, त्याच क्रमांकापुढे, एकदाच लिहावयाच्या. अनेक भाषांत चालणारी संकेतस्थळे उभारणारे तंत्रज्ञ बहुधा ही दुसरी रीतच पसंत करतात. माझ्या मते तीन भाषांच्या लहानशा कामाला पहिली रीतही वाईट नाही. ती वाचावयास सोपी असते, आणि सोपेपणालाही काही मोल असते.

येथे जागेविषयीचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणक आपली स्मृती बाइट नावाच्या इवल्या कप्प्यांत मोजतो. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ ह्या संकेतपद्धतीत साध्या रोमन अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. ‘पहूर’ ह्या शब्दात प, ह, दीर्घ उकाराचे चिन्ह आणि र अशी चार चिन्हे आहेत. म्हणून त्यास १२ बाइट लागतात. रोमन लिपीत तेच नाव पाच अक्षरांत, म्हणजे ५ बाइटांत मावते. ह्यावरून मराठी मजकूर फार जागा खातो असे म्हणणे घाईचे होईल. एका साध्या छायाचित्रासही लक्षावधी बाइट लागतात. जागा वाया जाते ती मराठीमुळे नव्हे, तर तीच गोष्ट पुनःपुन्हा लिहिल्यामुळे.

पुनरुक्ती टाळण्याची हौसही मर्यादेतच बरी. अनेक युरोपीय भाषांत माणसाचे नाव एकाच रोमन लिपीत, एकाच रीतीने लिहितात. म्हणून अशी नावे सर्व भाषांसाठी मिळून एकदाच नोंदवण्याची सोय विकिडेटावर अलीकडे करण्यात आली आहे. मग मराठी आणि हिंदी ह्यांची लिपी एक, तेव्हा त्यांचेही एकच नाव का ठेवू नये? कारण आपण ‘जळगाव’ लिहितो आणि हिंदीत ‘जलगाँव’ लिहितात. लिपी एक असली, तरी ‘ळ’ आपला आहे.

नावांपेक्षा वाक्ये अधिक अवघड. ‘पहूरहून सुटणारी गाडी’ हे वाक्य घ्या. प्रत्येक गावासाठी निराळे वाक्य साठवणे व्यर्थ आहे. एक साचा करावा, त्यात रिकामी जागा ठेवावी आणि गावाचे नाव तेथे बसवावे, हे सहज सुचते. साचा ‘अमुकहून सुटणारी गाडी’ असा केला, तर पहूरहून, जळगावहून इथपर्यंत सारे ठीक. पण पाचोरा आले की ‘पाचोराहून’ होईल आणि पुणे आले की ‘पुणेहून’! आपण तर ‘पाचोऱ्याहून’ आणि ‘पुण्याहून’ म्हणतो. शब्दाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते, हे व्याकरणात तुम्ही शिकलाच असाल. यंत्राला ते कोण शिकवणार? जाणता भाषांतरकार येथे एक युक्ती करतो. तो साचाच बदलून ‘अमुक येथून सुटणारी गाडी’ असा करतो. ‘पाचोरा येथून’, ‘पुणे येथून’. नावाला धक्का लागत नाही आणि मराठीही बिघडत नाही.

वचनाचेही तसेच. ‘१ गाडी’ आणि ‘५ गाड्या’ अशी दोन रूपे मराठीत ठेवावी लागतात. अरबीत संख्येप्रमाणे सहा प्रकार सांभाळावे लागतात. रिकामी जागा वाक्यात कोठे यावी, हेही भाषेगणिक बदलते. इंग्रजीत क्रियापद कर्मापूर्वी येते. आपल्याकडे ते बहुधा शेवटी असते. म्हणून वाक्याचे तुकडे साठवून ते एकापुढे एक जोडण्यापेक्षा, रिकाम्या जागांसह अखंड वाक्य प्रत्येक भाषेत स्वतंत्रपणे साठवणे बरे. विकिपीडियाच्या पानांवरील सूचना अशाच साठवलेल्या आहेत, आणि त्यांचे मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी केलेले आहे.

भाषांतर एकदा केले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. समजा, लेणी पाहण्याच्या वेळेची सूचना मूळ इंग्रजीत बदलली आणि मराठीत तशीच राहिली. मराठी वाचणारा मनुष्य भलत्याच वेळी तेथे जाऊन पोचेल आणि बंद दाराशी उभा राहील. म्हणून चांगल्या व्यवस्थेत मूळ वाक्य बदलले की त्याच्या सर्व भाषांतरांवर ‘जुने झाले’ अशी खूण आपोआप केली जाते. भाषांतर मुळातच नसेल, तर त्या जागी दुसऱ्या परिचित भाषेतील मजकूर दाखवतात. कोऱ्या पानापेक्षा ते बरे.

खानदेशातील अहिराणीलाही भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तीन रोमन अक्षरांची स्वतःची खूण मिळालेली आहे. रुंद रकान्यांच्या वहीत तिला घेण्यासाठी प्रत्येक पान नव्याने आखावे लागले असते. तीन रकान्यांच्या वहीत मात्र शेवटच्या ओळीखाली क्रमांक घालायचा, भाषेच्या घरात अहिराणी लिहायचे आणि तिसऱ्या घरात गावाचे नाव, घरी आजी उच्चारते तसे.