फिरते घर आणि ओळखीचा विक्रेता

बँकेच्या नोकरीत सदतीस वर्षे काढताना मी एक नियम कधी मोडला नाही. कागदपत्रे पूर्ण झाल्याखेरीज कर्जाचा एक रुपयाही द्यायचा नाही, आणि अर्जदार ओळखीचा असेल तर कागद दोनदा तपासायचे. निवृत्तीनंतर स्वतःच्या पैशाने २६ लाख रुपयांचे वाहन घेताना मात्र हा नियम मला आठवला नाही.

मातोश्री चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे रेल्वेचा डबा चढवत नाही, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आणि गाळलेले पाणी यांत तडजोड नाही, त्यामुळे त्यांची यात्रा सात-आठ वर्षांपासून थांबली होती. झोपायला पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि शौचालय असलेली गाडी, म्हणजे मोटरहोम, हा त्यावर उपाय आहे असे नातवाने सुचविले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून हा शब्द आपल्याकडे कानावर पडू लागला असला, तरी खान्देशात अशी गाडी अजून विरळाच. माझ्या मुलीचे सासरे धुळ्याला असतात. त्यांनी तेथील एका विक्रेत्याचे नाव सुचविले. "घरचाच माणूस आहे," असे ते म्हणाले, आणि व्याह्यांच्या शब्दावर मी काय प्रश्न विचारणार?

मोटरहोम ही एक वस्तू नसून दोन वस्तू असतात, हे मला गाडी घरी आल्यावर समजले. खालचा भाग, म्हणजे इंजिन, चाके, ब्रेक, हा वाहन कंपनीचा. त्याला कंपनीची वॉरंटी आणि कंपनीचे सर्व्हिस सेंटर. वरचे घर बांधणारा वेगळा. त्याची हमी म्हणजे बहुधा विक्रेत्याचा शब्द. मला खालच्या भागाचे पक्के बिल मिळाले. वरच्या घराच्या नऊ लाखांसाठी मिळाली ती कच्ची चिठ्ठी. रक्कम मी धनादेशाने दिली होती, एवढेच शहाणपण शिल्लक होते.

माघात गाडी आली. पहिली सर्व्हिसिंग जळगावातच एका सकाळी आटोपली: इंजिन ऑइल बदलले, फिल्टर बदलला, चाकांचे नट पुन्हा आवळले. मागच्या भागाला मात्र कारागिराने हात लावला नाही. उलट बॉनेट उघडून त्याने मला एक लाल वायर दाखविली. गाडीच्या मूळ बॅटरीवरून ती फ्यूज न लावता थेट मागे नेलेली होती. "साहेब, ही आमची वायर नाही. उद्या वायरिंग जळाले तर कंपनी वॉरंटीला उभी राहणार नाही." मी तेथूनच विक्रेत्याला दूरध्वनी केला. "काळजी करू नका, काका, येत्या आठवड्यात माणूस पाठवतो." तो आठवडा वैशाख उलटला तरी आला नाही.

जळगावचा मे महिना वाचकांना सांगायला नको. पारा पंचेचाळीसकडे सरकला आणि रात्रभर चालेल असे सांगितलेला एसी दीड तासात बंद पडू लागला. वास्तविक ही तपासणी मी खरेदीपूर्वी कागदावर करू शकलो असतो. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २,४०० वॅट-तास. १,२०० वॅटचा एसी त्यावर जास्तीत जास्त दोन तास चालणार. एम.कॉम. झालेल्या माणसाला एवढा गुणाकार-भागाकार जमायला हरकत नव्हती; मी तो केला नाही, कारण सांगणारा घरचा होता. त्यातच उन्हाने छतावरील सौर पट्ट्यांभोवतीचे सिलिकॉन तडकले. जूनच्या पहिल्या पावसात, पारोळ्याजवळ, मातोश्रींच्या अंथरुणावर पाणी ठिबकू लागले. त्या काही बोलल्या नाहीत. पदराने उशी पुसून त्यांनी ती दुसऱ्या बाजूला ठेवली. मला मात्र त्या दिवशी मान वर करवली नाही.

गाडी धुळ्याला नेऊन दिली. जळगाव ते धुळे सुमारे नव्वद किलोमीटर. एरंडोल, पारोळा ओलांडत त्या पावसाळ्यात मी किती खेपा केल्या याची नोंद माझ्या वहीत आहे. एकदा कारागीर रजेवर, एकदा सामान पुण्याहून यायचे, एकदा मालकच बाहेरगावी. पाच आठवड्यांनी गाडी मिळाली तेव्हा किलोमीटरचा आकडा चारशेहून अधिक वाढलेला होता. दुरुस्तीला दिलेली गाडी इतकी कोठे फिरली, याला उत्तर मिळाले नाही. घरी येऊन मागची बॅटरी पाहिली. ताबा घेतला त्या दिवशी, तारण वस्तू नोंदवण्याच्या जुन्या सवयीने, मी बॅटरी, इन्व्हर्टर आणि पाचही टायरांचे क्रमांक वहीत उतरवून ठेवले होते. बॅटरीवरचा क्रमांक निराळा होता. माझी नवी काढून जुनी बसविली होती. (टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. नवी गाडी घेणाऱ्याने तेवढे तरी खाली वाकून वाचावे.)

त्या रात्री मुलीचा फोन आला. "पप्पा, तुम्ही नोटीस पाठवणार म्हणे. इथे सगळे गप्प झालेत. नका ना पाठवू." लेकीच्या सासरचे नाव मध्ये असताना तक्रार लिहिणे किती जड जाते, हे ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळते. दोन दिवस मी काहीच केले नाही. मग माझ्याच जुन्या शाखेतील एक प्रसंग आठवला: ओळखीच्या संकोचाने जामीनदार झालेला एक शिक्षक, आणि त्याच्या पगारातून कापले जाणारे हप्ते. तेव्हा मीच त्याला म्हणालो होतो, "गुरुजी, सहीपूर्वी का नाही बोललात?"

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्यात माझ्यासारख्याला उपयोगी अशा बऱ्याच गोष्टी आहेत. विक्रेता धुळ्याचा असला तरी ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. म्हणजे मला जळगावचा जिल्हा आयोग पुरेसा होता. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच जाते, आणि वीस ते पन्नास लाखांच्या व्यवहाराला शुल्क केवळ १,००० रुपये. मुदत दोन वर्षांची. पक्के बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे तर मला बँकेत असूनही ठाऊक नव्हते. वकील न लावता १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी विचारणा करण्याचीही सोय आहे.

नोटीस मी स्वतः लिहिली. दीड पान. विशेषण एकही नाही. तारखा, किलोमीटर, बॅटरीचे दोन्ही क्रमांक, धनादेशाचा तपशील आणि पंधरा दिवसांची मुदत. स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवली. पाठविण्यापूर्वी तिची एक प्रत घेऊन व्याह्यांकडे गेलो आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, घडी घालून परत केली. "तुमचा व्यवहार, तुम्ही पाहा," एवढेच म्हणाले. चहा झाला, नेहमीसारखा आग्रह झाला नाही.

बाराव्या दिवशी विक्रेत्याचा माणूस जळगावला आला. मूळ क्रमांकाची बॅटरी त्याने बसवून दिली, फ्यूज लावला आणि पक्के बिल दिले. एसीच्या खोट्या दाव्यापोटी चाळीस हजार परत मिळाले. मी साठ मागितले होते. छताची दुरुस्ती त्याच्याकडून करून घेण्याची माझी इच्छा उरली नव्हती. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत बसची बॉडी बांधणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीने जुने सिलिकॉन खरवडून दोन दिवसांत सांधे भरले, आणि नंतर छतावर तासभर पाण्याची नळी सोडून मला आत बसवून ठेवले. जाताना त्यानेच सुचविले म्हणून टाकी भरून, सामानासह गाडी वजनकाट्यावर नेली. टाकीतले शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे सोपे गणितही मी तोवर केले नव्हते. वजन मर्यादेच्या आत निघाले, पण थोडक्यात.

क्षमावाणीला व्याह्यांचा दूरध्वनी आला. दोघांनीही उत्तम क्षमा म्हटले. गाडीचा विषय दोघांनीही काढला नाही.

कार्तिकात आम्ही मांगीतुंगीला निघालो. डोंगरात कोरलेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती २०१६ मध्ये प्रतिष्ठापित झाली, तेव्हापासून मातोश्री तिच्याविषयी विचारत होत्या. धुळे सोडून साक्रीमार्गे पिंपळनेरच्या पुढे गेलो तेव्हा सूर्य कलला होता. चिंचेच्या झाडाखाली गाडी उभी केली. सौभाग्यवतींनी ओट्यावर खिचडी शिजवली आणि मातोश्रींनी उजेड असताना जेवण उरकले. मग त्यांनी छताकडे पाहत, सहज विचारावे तसे विचारले, "आता नाही ना रे गळणार?"