भाड्याचे घर आणि मनाला आधार देणारा प्राणी

वाचकहो, आपली काही मुले शिकून अमेरिकेत भाड्याने राहतात. तिथे पुष्कळ घरमालक करारातच लिहून घेतात : प्राणी पाळायचा नाही. मग मनाच्या आजारात ज्याला कुत्र्या-मांजराच्या सोबतीचाच आधार आहे, त्याने काय करावे?

त्याच्यासाठी १९६८ चा 'फेअर हाऊसिंग ॲक्ट' आहे. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि सातच दिवसांनी या कायद्यावर सही झाली. वंश, रंग, धर्म पाहून घर नाकारणे बेकायदा ठरले. १९८८ च्या दुरुस्तीने अपंगांनाही संरक्षण मिळाले. मनाचा गंभीर आजारही त्यात येतो.

दोन गोष्टी पटवाव्या लागतात. एक, आजाराने झोप, काम, रोजचे जगणे फार अवघड झाले आहे. दोन, हा प्राणी जवळ असल्याने त्रासाला उतार पडतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र जोडून मालकाला लेखी अर्ज द्यावा, नक्कल जपून ठेवावी. आजाराची सगळी कहाणी सांगण्याची गरज नाही.

इंटरनेटवर पैसे घेऊन मिळणाऱ्या 'नोंदणी'ला भुलू नये. अशी सरकारी नोंदणीच नाही.

मर्यादाही आहेत. मालक स्वतः राहतो अशा चार किंवा कमी बिऱ्हाडांच्या इमारतीला सहसा या केंद्रीय कायद्यातून सूट असते. प्राणी धोकादायक असेल तर नकार मिळू शकतो. नासधूस झाल्यास भरपाई भाडेकरूने द्यायची.

मनाचा आजार ही लाजेची बाब नाही. हक्क जरूर मागावा, पण खोट्या कागदावर नको. त्याने खऱ्या गरजवंताचीच वाट अडते.