घशातला काटा, गालातला करंट

नागपुरात तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाडी चालवण्यात नवल काहीच नाही. उन्हाळ्यात ऊन, हिवाळ्यात गारठा. पण हुडकेश्वर रोडवरून म्हाळगीनगर चौक ओलांडत मेडिकलकडे, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे, निघालेल्या गर्दीत एखाद्याचा स्कार्फ वेगळ्या कारणासाठीही असू शकतो. गालाला गार वाऱ्याची झुळूक लागली की जबड्यातून करंट गेल्यासारखी कळ उठते. दात घासताना, दाढी करताना, चूळ भरताना, पोळीचा पहिला घास चावतानाही तेच. कळ टिकते काही सेकंद, फार तर दोन मिनिटं. तेवढ्यात माणूस बोलता बोलता थांबतो, हात गालाजवळ नेतो आणि गालाला न लावताच तसाच धरून ठेवतो. लावला तर पुन्हा कळ येईल, हे त्याला पाठ झालेलं असतं.

या दुखण्याचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी पाचवी नस कपाळ, गाल आणि जबडा अशा तीन फांद्यांत पसरते. मेंदूच्या बुडाशी, नस जिथं आत शिरते तिथं, एखादी रक्तवाहिनी तिला घासत राहिली की तिचं आवरण झिजतं आणि साध्या स्पर्शाचीही कळ होते. बहुतेक रुग्णांत हेच कारण सापडतं. पन्नाशीनंतर, आणि पुरुषांपेक्षा बायकांत, हा आजार जास्त दिसतो. अभिनेता सलमान खानने 2011 साली आपल्याला हा त्रास असल्याचं जाहीर केलं, उपचारासाठी तो अमेरिकेला गेला, आणि आपल्याकडे अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हाच.

नाव कळेपर्यंत एखाद-दुसरी दाढ मात्र गेलेली असते. कळ जबड्यात उठते, त्यामुळे माणूस आधी दातांच्या डॉक्टरकडे जातो. दाढ निघते, चार दिवस बरं वाटतं, मग शेजारच्या दाढेवर संशय. या नसेच्या दुखण्यात धडधाकट दात काढले गेल्याची उदाहरणं जगभर आहेत. ती इथं आठवायची कारण अशाच कळेसाठी केल्या जाणाऱ्या घशाच्या ऑपरेशनच्या बाबतीतही चूक नेमकी याच वाटेने होते.

कारण काहींची कळ गालापुरती राहत नाही. घोट गिळला की टॉन्सिलच्या जागी टोचतं, कानात सणक जाते, घशात माशाचा काटा अडकल्यासारखं दिवसभर वाटत राहतं. इथं दोन संशयित पुढे येतात. पहिली संशयित म्हणजे घशाची संवेदना नेणारी नववी नस. तिचाही न्यूराल्जिया होतो. तो पाचवीच्या मानाने फार दुर्मीळ, पण कळ तशीच विजेसारखी. ती गिळताना, बोलताना, खोकताना येते. क्वचित या कळेसोबत नाडी एकदम मंदावते आणि माणूस चक्कर येऊन पडतो. असं एकदा जरी झालं असेल तरी ईसीजी काढून घ्यायलाच हवा.

दुसरा संशयित हाड आहे. कानाखाली, कवटीच्या बुडापासून एक टोकदार हाड टॉन्सिलच्या मागच्या बाजूला उतरतं. त्याला स्टायलॉइड म्हणतात. त्याची लांबी साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर. ते याहून वाढलं, किंवा त्याच्या टोकाचा बंध चुना साचून कडक झाला, तर आसपासच्या नसांना टोचू शकतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले घशाचे सर्जन वॉट ईगल यांनी 1937 मध्ये असे रुग्ण मांडले, म्हणून हा ईगल सिंड्रोम. गंमत अशी, की त्यांच्या बऱ्याच रुग्णांचं दुखणं टॉन्सिल काढल्यानंतर सुरू झालं होतं. म्हणजे घशावरचं एक ऑपरेशन दुसऱ्या ऑपरेशनचं निमित्त ठरलं.

हाडाची कळ बहुधा विजेसारखी नसते. ती बोथट, रेंगाळणारी असते. मान वळवली, आवंढा गिळला की वाढते. पण रुग्णाच्या तोंडून हा फरक स्पष्ट निघतोच असं नाही, आणि एकाच माणसाला दोन्ही दुखणी असू शकतात.

खरा पेच सीटी स्कॅन हातात आल्यावर पडतो. थ्रीडी चित्रात ते लांब हाड इतकं ठळक दिसतं, की घरचे सगळे म्हणतात, हेच ते! इथं थोडं थांबायला हवं. वाढलेलं स्टायलॉइड शंभरात चारेक जणांना असतं, असा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या दातांच्या एक्सरेत ते सहज सापडतं. गालाच्या नसेचं दुखणं असलेल्या माणसाचंही हाड योगायोगाने लांब असू शकतं. ते कापलं तर हाड जाईल, कळ राहील.

म्हणून चित्रापेक्षा बोट महत्त्वाचं. ईएनटी डॉक्टर तोंडातून टॉन्सिलच्या खाचेत बोट दाबून बघतात. हाडाचं टोक बोटाला लागलं आणि नेमकी रोजचीच कळ उठली, तर संशय बळावतो. मग त्याच जागी सुन्न करणारं इंजेक्शन देतात. तेवढ्या वेळापुरती कळ गेली, तर दुखण्याचं मूळ घशात आहे असं मानायला आधार मिळतो. चाचणी बिनचूक नाही. नवव्या नसेची कळही या इंजेक्शनने थांबू शकते, त्यामुळे हाड की नस हा निकाल ती एकटी देत नाही. पण घसा सुन्न करूनही गालातला करंट चालूच राहिला, तर घशावर चाकू चालवण्यात अर्थ नाही, हे ती बऱ्यापैकी सांगते. इतकी स्वस्त आणि पाच मिनिटांची तपासणी न करता ऑपरेशनची तारीख घेणं म्हणजे दाढेचीच गोष्ट पुन्हा घडवणं.

हाडच दोषी ठरलं, तर ते कापण्याच्या ऑपरेशनच्या वाटा दोन. तोंडातून केलं तर बाहेर व्रण राहत नाही, पण जागा अरुंद, आणि मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी अगदी जवळ. मानेतून केलं तर सर्जनला नीट दिसतं, पण व्रण राहतो आणि ओठाचा कोपरा हलवणाऱ्या नसेला धक्का लागण्याची शक्यता असते.

नागपुरात यात खर्रा मध्ये येतो. सुपारी-तंबाखूच्या या मिश्रणाने तोंडाची त्वचा आतून कडक होते आणि दोन बोटंही आत जात नाहीत, हे इथल्या दवाखान्यांत नित्याचं आहे. तोंड असं आखडण्याच्या आजाराचं भारतातलं सुरुवातीचं वर्णन मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्ये केलं होतं. तोंडच उघडत नसेल तर तोंडातून ऑपरेशन कठीण, भूल देताना नळी घालणंही कठीण. आणि खर्रा खाणाऱ्याच्या एका बाजूच्या घशात टोचत असेल, कानात ठणका जात असेल, तर नस आणि हाड नंतर. आधी कॅन्सर नाही याची खात्री.

घशाचं ऑपरेशन दुसऱ्याच कारणासाठी, टॉन्सिल किंवा थायरॉइडसाठी ठरलं असेल, तरी गालाचं दुखणं बाजूला ठेवता येत नाही. या दुखण्यावरची पहिली गोळी कार्बामाझेपिन, 1960च्या दशकापासून वापरात असलेली. रुग्णाला उपाशीपोटी ठेवण्याच्या नादात ती परस्पर बंद केली, तर ऐन ऑपरेशनच्या सकाळी कळा उसळतात. तिच्यामुळे रक्तातलं सोडियम उतरू शकतं आणि भुलीतल्या काही औषधांचा असर लवकर ओसरतो, म्हणून भूलतज्ज्ञाला डोस सांगायलाच हवा. भुलीचा मास्क कोणत्या गालाला टेकवायचा नाही, हेही सांगावं. ऑपरेशननंतर गोळी गिळता येईना, तर कार्बामाझेपिन सिरपमध्येही मिळते. घशाच्या संसर्गावर दिली जाणारी एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स तिचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. चक्कर येते, एकाचे दोन दिसतात, झोक जातो. गोळी सुरू असताना अंगावर पुरळ उठलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

घसा निर्दोष ठरला म्हणजे वाटा संपल्या असं नाही. गोळ्यांनी भागत नसेल तर कानामागून कवटी थोडी उघडून नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये छोटी गादी ठेवतात. पिट्सबर्गच्या पीटर जॅनेटा यांनी ही पद्धत रुळवली. त्यांच्या 1185 रुग्णांचा हिशेब 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनंतरही सुमारे 70 टक्के रुग्ण गोळ्यांशिवाय कळमुक्त होते. स्टायलॉइडच्या ऑपरेशनमागे एवढ्या मोठ्या संख्येचा आधार नाही. सुटे सुटे, थोड्या रुग्णांचे अनुभव आहेत.

हुडकेश्वरच्या माणसाला एक सोय आहे. मेडिकलच्या आवारातच शासकीय दंत महाविद्यालय आहे, ईएनटी विभाग तिथंच, आणि मेंदूविकाराचे डॉक्टर सुपरस्पेशालिटी रुग्णालयात, फार लांब नाही. अडचण अंतराची नाही. तीन ठिकाणचे तीन कागद एकमेकांना भेटत नाहीत, ही आहे. तेव्हा एकच फाइल ठेवा: कळ कधी, कुठे, किती वेळ याची आठ-पंधरा दिवसांची नोंद, चालू गोळ्यांचे डोस, सीटी आणि एमआरआय, आणि सुन्न करून पाहिल्यावर काय झालं ते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारा. नंतर विचारलं तर बरेचदा उशीर झालेला असतो.