खेळाचा निवाडा

वाचकहो, लहानपणी विटीदांडूत आपण ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजले असेल, तर तेलुगूतील ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ हे आकडे एकदा उच्चारून पाहावेत. भाषेची सीमा ओलांडून आलेले हे शब्द पाठ्यपुस्तकाने शिकविलेले नाहीत. मुलांकडून ते मुलांकडे गेले. विटी किती दांडू दूर पडली, राज्य कोणावर, याचा निवाडाही मुलेच करीत. भांडण होई, अबोला होई आणि खेळ मोडू नये म्हणून तडजोडही होई.

त्या काळाला सरसकट निश्चिंत म्हणणे मात्र बरे नव्हे. १९५१ साली भारतात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे १४६ वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला. कित्येक मुली तर धाकटे भावंड सांभाळीतच सागरगोटे खेळत.

हरवला आहे तो मोकळा वेळ. शाळेनंतर शिकवणी, मग छंदवर्ग. खेळायचे तेही शिट्टी वाजविणाऱ्या प्रशिक्षकासमोर. अंगणात मोटारी उभ्या असतात आणि रस्त्याचे भय वाटते, ते काही खोटे नाही. खेळ हा मुलाचा हक्क मानणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ साली स्वीकारला. घरच्या वेळापत्रकात मात्र त्याला जागा सापडत नाही.

आपल्या इमारतीच्या आवारातील मोटारी रविवारी सकाळी तासभर बाहेर काढता येतील काय? आणि खाली मुलांची भांडणे ऐकू आली, तरी निवाडा करण्यास आपण लगेच जिना उतरू नये.