उष्णतेचे बेट : तुलना कशाशी?

शहर भोवतालच्या ग्रामीण भागापेक्षा उबदार असते, या घटनेला ‘उष्णतेचे बेट’ म्हणतात. व्याख्या सोपी दिसते. पण तिच्यातले ‘भोवतालचा ग्रामीण भाग’ हे शब्द सर्वांत अवघड आहेत. महानगरांवर पुष्कळ अभ्यास झाले. बदलापूरसारख्या, २०११च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेल्या शहराचा विचार करायचा, तर तुलनेसाठी मुरबाड-शहापूरकडे वळावे लागते, आणि प्रश्न तिथेच सुरू होतो.

कारण या तालुक्यांत ‘ग्रामीण’ म्हणजे एकच भूभाग नाही. तानसाच्या बाजूचे जंगल आहे, भातसा आणि बारवी धरणांचे पाणी आहे, आणि मैलोन्‌मैल पसरलेली भातखाचरे आहेत. पावसाळ्यात ही खाचरे पाण्याने भरलेली असतात. कापणीनंतर कोरडी, भेगाळलेली होतात. वैशाखात राब भाजून झालेली काळी जमीन उन्हात तापते. शहराची तुलना जंगलाशी केली तर एक उत्तर येते, खाचराशी केली तर दुसरे.

उपग्रहाच्या नकाशात ही अडचण ठळक होते. लँडसॅट उपग्रह आपल्याकडून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो आणि हवेचे नव्हे, पृष्ठभागाचे तापमान सांगतो. उन्हाळ्यातील अशा नकाशात उघडी कोरडी जमीन लालभडक दिसते आणि झाडे, सावल्या असलेली वस्ती तिच्यापेक्षा थंड दिसू शकते. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळले : पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत भारतातील बहुतेक शहरांचा पृष्ठभाग दिवसा भोवतालपेक्षा थंड असतो, रात्री मात्र उष्ण. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनची हवा मोजणाऱ्या ल्यूक हॉवर्ड या औषधनिर्मात्यालाही शहराची रात्र सुमारे ३.७ अंश फॅरनहाइटने उबदार आणि दिवस किंचित थंड आढळला होता.

याचे कारण साठवणुकीत आहे. कोरड्या मातीचा वरचा थर लवकर तापतो आणि मोकळ्या आकाशाखाली लवकर निवतोही. काँक्रीट आणि डांबर दिवसभर उष्णता आत मुरवतात. दाटीच्या गल्लीतून आकाशाची फक्त एक पट्टी दिसते, त्यामुळे ती उष्णता रात्री सावकाश बाहेर पडते. कारवीच्या कुडाचे, कौलारू घर ही उष्णता फार साठवत नाही, आणि कौलांच्या फटींतून हवा खेळती राहते. स्लॅबचे घर मध्यरात्रीपर्यंत भिंतींतून ऊब देत राहते.

हा केवळ अभ्यासकांचा वाद नाही. वीटभट्टीवर दिवसभर राबणाऱ्या कातकरी कुटुंबाला किंवा गोदामात ओझी वाहणाऱ्या कामगाराला रात्री शरीर निववायला वेळ हवा असतो. रात्रही उकाड्यात गेली, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन त्याला अधिक बाधते. तरीही उष्णतेची लाट ठरवताना मुख्यतः कमाल तापमानच पाहिले जाते. २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णता कृती आराखडा केला, पुढे इतर शहरांनीही केले. लहान-मधल्या शहरांनी असा आराखडा करताना दिवसाचा नकाशा पुढे ठेवला, तर ‘आमच्याकडे बेटच नाही’ असा निष्कर्ष सहज निघेल, आणि वाढत्या बांधकामाला तोच दाखला मिळेल.

म्हणून मोजणी रात्रीची हवी. चैत्र-वैशाखात, निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री, सावलीच्या पेटीत साधारण दीड मीटर उंचीवर ठेवलेले तापमापक किमान चार ठिकाणी हवेत : बाजारपेठ, नवी वसाहत, भातखाचर आणि जंगलाची कड. समुद्रसपाटीपासूनची त्यांची उंची जवळपास सारखी असावी, कारण दर किलोमीटर उंचीमागे हवा साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. माळशेजच्या पायथ्याची आणि माथ्याची नोंद एकत्र करून चालणार नाही. धरणाकाठची नोंदही वेगळी धरावी. मग फरक सांगताना तो जंगलाच्या तुलनेत की खाचराच्या, हे आकड्याशेजारीच लिहावे.

शहापूर आणि मुरबाड ही गावे आता नगरपंचायती आहेत. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो. आज ज्या खाचरांना आपण ‘ग्रामीण’ म्हणून तुलनेसाठी धरतो, तिथे उद्या गोदामाचे पत्रे चढतील. त्याआधीच्या रात्रींची नोंद आता झाली नाही, तर पुढे तुलना करायला काही उरणार नाही.